चिकट राहिलेले पुट

गळाची काठी आणि आमचे घर ह्यांचा काही संबंध येईल, असे मला कोणी गेल्या वैशाखात सांगितले असते, तर मी त्यास वेड्यात काढले असते. मीरा रोडच्या शांती नगरात आम्ही राहावयास आलो, त्यास आता तीस वर्षे होत आली. ह्या अवधीत आमच्या स्वयंपाकघरात मासळी तर राहोच, पण चातुर्मासात कांदाही शिरलेला नाही. असे असता ह्या आषाढात सात फूट लांबीची एक गळाची काठी आमच्या बैठकीच्या खोलीत ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पसरली आणि तिने दोन महिने माझी झोप उडविली. ह्या सदरात आजवर पाठ फुटलेली पुस्तके, गळके तांबे आणि बंद पडलेली घड्याळे ह्यांच्या दुरुस्तीविषयी मी लिहीत आलो. ह्या खेपेची दुरुस्ती माझ्याच हातून झालेल्या चुकीची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काठी माझी नव्हे. आमच्या शाळेत हस्तव्यवसाय शिकविणारे एक मास्तर होते; त्यांनी व मी एका छपराखाली बावीस वर्षे काढली. ते राहणारे उत्तनचे, कोळी समाजातले, धर्माने ख्रिस्ती. घरी वडिलोपार्जित होडी असूनही ह्या गृहस्थांचा जीव जाळ्यात कधी रमला नाही. शाळा सुटली की खांद्यावर काठी टाकून खडकावर जाऊन बसावयाचे. जिताडा लागला तर ठीक, न लागला तरी ठीक. "जाळं टाकणं हा धंदा, गुरुजी, गळ टाकणं हा अभ्यास," असे ते म्हणत. मी मत्स्याहारी नाही, परंतु अभ्यास हा शब्द कानी पडला की माझा निम्मा विरोध मावळतो.

बाजारातील तयार काठी मास्तर कधी वापरीत नसत. काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची, नुसती पोकळ काठी आणावयाची, तिला मूठ बसवावयाची, आणि दोरी ओवून नेण्यासाठी शेंड्याकडे लहान लहान होत जाणाऱ्या कड्या तिच्यावर बांधावयाच्या, अशी त्यांची रीत. ह्या कड्यांस खिळा नाही की डाग नाही. कडीचा चपटा पाय काठीवर ठेवून त्यावर नायलॉनचा बारीक रंगीत दोरा अंगास अंग लावून गुंडाळतात. दोन वेढ्यांमध्ये केसाएवढी फट राहू नये आणि एक वेढा दुसऱ्याच्या पाठीवर चढू नये. मोठा मासा ओढ घेतो तेव्हा कडीचा सारा भार ह्या वेढ्यांवर येतो. पूर्वी काठ्या बांबूच्या असत तेव्हा रेशमाचा दोरा गुंडाळून त्यावर रोगणाची पुटांवर पुटे देत आणि काठी पुरी होण्यास आठवडेच्या आठवडे जात. आता एपॉक्सी नावाच्या राळेची एकदोन पुटे पुरतात. ती घट्ट झाली म्हणजे दोरा काचेत मढविल्यासारखा दिसतो. त्यास पाणी लागत नाही, खडकाचा घासाही बाधत नाही. मुठीच्या वर वीतभर जागा नक्षीसाठी राखलेली असते. तेथे मास्तर तीन रंगांच्या दोऱ्यांतून शंकरपाळ्यांची नक्षी उठवीत, आणि एकेका नक्षीस आठ आठ दिवस घालवीत.

दोन वर्षांमागे त्यांच्या उजव्या हातास कंप सुटला. डॉक्टरांनी त्यास पार्किन्सनचा विकार म्हटले. आमच्या जुन्या ग्रंथांतील शब्द कंपवात. त्याच सुमारास त्यांच्या नातीने, दहावी पास झाले तर मला आजोबांच्या हातची काठी पाहिजे, असे वचन त्यांच्याकडून घेतले होते. सकाळी औषध अंगी लागल्यावर हात जो तासभर स्थिर राही, तेवढ्या वेळात ते चार चार बोटे दोरा गुंडाळीत. सात कड्या आणि एक नक्षी ह्यांस सहा महिने लागले. मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. काठीवर पुट देणे मात्र राहून गेले, कारण ते ब्रशाचे काम, आणि हात हलला की सारे गेले.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात ते काठी घेऊन आमच्याकडे आले. "तुमचा हात पुस्तकबांधणीचा, गुरुजी. सरस लावता तसंच लावायचं आहे. माझ्याच्यानं आता दोरा धरवत नाही, ही शेवटची."

सौ.ने काठीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "हिला अजून मासा लागलेला नाही ना?"

"नाही."

"मग ती नुसती काठीच आहे," असे म्हणून तिने खोलीतील चटई गुंडाळून जागा करून दिली.

बाटल्या दोन होत्या. एकीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारे द्रव्य, ज्यास बाजारात हार्डनर म्हणतात. दोन्ही सारखी घ्यावीत, नीट कालवावीत, ब्रशाने दोऱ्यावर पुट द्यावे, आणि ते गोठेपर्यंत काठी आडवी धरून सावकाश फिरवीत राहावे, इतकेच काम. फिरविणे थांबले तर राळ आपल्या वजनाने खाली ओघळते आणि पुटाचे पोट सुटते. ह्यासाठी माझ्या नातवाने मायक्रोवेव्ह भट्टीत काचेची थाळी फिरवते तसली, मिनिटास पाचसहा फेरे घेणारी लहानशी मोटर दोन लाकडी ठोकळ्यांवर बसवून दिली होती.

'सारखी घ्यावीत' ह्या दोन शब्दांनी माझा घात केला. बाटलीवर, आकारमानाने सारखी, असे बारीक अक्षरांत छापलेले होते आणि ते मी वाचलेही. परंतु आकारमान फसवे, वजन तेवढे खरे, अशी माझी जुनी समजूत. मी स्वयंपाकघरातील वजनकाटा आणला आणि त्यावर तीन ग्रॅम राळ व तीन ग्रॅम हार्डनर घेतला. तो काटा एक ग्रॅमपेक्षा लहान काही जाणत नाही, हे मला ठाऊक होते; त्या वेळी सुचले नाही इतकेच. मग कागदी पेल्यात ते मिश्रण मी ताक घुसळावे तसे घुसळले. पहिल्या खेपेस नक्षी आणि मुठीकडील दोन कड्या झाल्या, दुसऱ्या खेपेस मधल्या तीन, आणि तिसऱ्या खेपेस शेंड्याकडील दोन. तोवर रात्रीचे साडेदहा झाले होते, बाहेर पावसाने धरले होते, आणि राळेच्या वासाने सौ.चे डोके उठल्यामुळे मी खिडक्या सताड उघडल्या होत्या.

सकाळी पाहतो तो तीन खेपांचे तीन रोग. नक्षीवरील पुट घट्ट झाले होते, पण त्यात मोहरीएवढे बुडबुडे अडकलेले आणि मध्यावर फुगवटा आलेला. शेंड्याकडील कड्या घट्ट होत्या, परंतु दुधावर साय धरावी तशा पांढुरक्या आणि बोटास तेलकट. मधल्या तीन कड्यांवर बोट टेकले, तेव्हा ठसा उठला आणि बोटाबरोबर गुळाच्या पाकासारखी तार निघाली. म्हटले, दिवस दमट आहेत, वेळ लागेल. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. तार निघतच राहिली.

काठ्या बांधणाऱ्यांस ह्यावर सोपा उपाय ठाऊक असतो. कडीच्या पायावरून धारदार ब्लेड ओढावयाचे, म्हणजे काठीस चरा न पडता राळेसह दोरा चिरला जातो. तो सोलून फेकून द्यावयाचा आणि नव्याने गुंडाळावयाचा. सरावलेल्या हातास एका कडीमागे अर्धा तासही लागत नाही. तो उपाय मला बंद होता. तो दोरा मास्तरांनी एकेका सकाळच्या उसन्या तासात गुंडाळला होता, आणि तो हात पुन्हा दोरा धरणार नव्हता. वरून आणखी एक जाड पुट चढवून सारे झाकून टाकावे, अशी बुद्धी त्या रात्री मला झाली. ती मी आवरली, एवढेच शहाणपण त्या आठवड्यात माझ्याकडून घडले.

निदान केले ते सौ.ने. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "एक वाटी रवा आणि एक वाटी साखर काट्यावर सारखी उतरते का हो?"

मी उत्तर दिले नाही. बाटल्या पुन्हा वाचावयास घेतल्या. राळ जड, हार्डनर हलका. सारख्या वजनाने घेतल्यास हार्डनर आकारमानाने जास्त येतो, आणि त्यावर तीन ग्रॅमच्या मापात एका ग्रॅमची शंका. दुसऱ्या खेपेस दोन्ही चुका एकाच दिशेने झुकल्या असल्या पाहिजेत.

पण थोडे जास्त पडले तर एवढे बिघडावे काय? लाखेचे रोगण स्पिरिटात विरघळविलेले असते. स्पिरिट उडून जाते आणि लाख मागे राहते. तेथे स्पिरिट थोडे अधिक पडले तर वाळण्यास थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच. एपॉक्सीची गोष्ट निराळी. येथे काहीच उडून जात नाही. जे ओतले ते सर्व तेथेच राहते. राळेच्या रेणूच्या दोन्ही टोकांस दोन कार्बनचे आणि एक प्राणवायूचा अशा तीन अणूंचे ताणलेले कडे असते. हार्डनरमधील अमाइन जातीची द्रव्ये ते कडे उघडतात आणि तेथे आपणास जोडून घेतात. अशा जोडण्या चहूकडे होत गेल्या म्हणजे द्रवाचे घट्ट जाळे बनते. ह्यासाठी दोहोंची संख्या जमली पाहिजे. पंगतीत पाट पन्नास आणि पाहुणे साठ असले, तर दहांनी उभेच राहावयाचे. हार्डनर वाढविला की काम लवकर होते, हा समज मीही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्या वाढीव दहांना जागा मिळत नाही आणि ते चिकट होऊन तसेच पडून राहतात.

ह्या राळेचा इतिहास माझ्या वयाच्या माणसास थोडा बोचणारा आहे. पिएर कास्तान नावाच्या स्विस रसायनज्ञाने १९३०नंतरच्या दशकात तिच्यावर काम केले ते दातांच्या कवळ्यांसाठी. कवळ्यांत तिचा वापर रूढ झाला नाही. सिबा ह्या स्विस कंपनीने ते हक्क घेतले आणि १९४६ साली अराल्डाइट ह्या नावाने तिचा डिंक बाजारात आणला. घरातील फुटक्या कपांचे कान जोडण्यासाठी जी जोडनळी आपण सर्वांनी आणली आहे, ती हीच. त्या नळ्यांतून दोन सारख्या लांबीच्या रेघा काढून कालवा, असे आपण मुलांस सांगतो. सारख्या लांबीच्या, सारख्या वजनाच्या नव्हे. हे मी स्वतः शंभर वेळा केले असेल.

पांढुरक्या सायीचे कारण पावसाची हवा. पुट ओले असताना त्यातील अमाइन हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ह्यांच्याशी संगनमत करून पृष्ठावर एक मेणचट थर आणते. बुडबुड्यांचे कारण माझे घुसळणे. रोग तीन, म्हणून औषधेही तीन. सर्वांस एकच मात्रा चाटविली असती, तर काठी हातची गेली असती.

सोपे काम आधी घेतले. शेंड्याकडील दोन कड्यांवरील थर कोमट पाणी आणि साबण ह्यांनी सुती फडक्याने धुतला; तो पाण्यात विरघळतो, स्पिरिटाने पुसल्यास नुसता पसरतो. धुतल्यावर खालचे पुट निर्मळ निघाले. त्यावर पाण्यात भिजवलेला सहाशे नंबरचा वॉटर पेपर हलकेच फिरविला, की नव्या पुटास धरावयास खरखरीत अंग मिळाले.

नक्षीवर चारशे नंबरचा वॉटर पेपर, लाकडाच्या पातळ पट्टीवर ताणून, पाण्यात भिजवीत भिजवीत. कोरडे घासू नये; ह्या राळेची धूळ छातीत जाणे बरे नव्हे. फुगवटा उतरला, बुडबुड्यांची तोंडे उघडली आणि सारी नक्षी घासलेल्या काचेसारखी आंधळी झाली. येथे माझा धीर सुटला असता. परंतु पाण्याचा एक थेंब टाकताच त्याखाली मास्तरांच्या शंकरपाळ्या जशाच्या तशा दिसल्या. नवे पुट हेच काम करते. ओरखडे भरून निघाले की काच पुन्हा डोळे उघडते. एके ठिकाणी मात्र कागद फार खोल गेला आणि निळ्या दोऱ्याचा केसाएवढा तंतू वर आला. मी तेथेच थांबलो आणि त्या जागेस पुन्हा हात लावला नाही.

खरा प्रश्न मधल्या तीन कड्यांचा. त्यांस प्रथम ऊब द्यावयाचे ठरविले, कारण जोडण्या अपुऱ्या राहिल्या असतील तर उबेने त्यांतील काही पुऱ्या होतात. पुठ्ठ्याच्या लांब खोक्यास दोन्हीकडे भोके पाडून त्यातून काठी ओवली, आत एक जुना साठ वॉटचा दिवा लावला, उष्णतामापक टांगला आणि चाळीस अंशांच्या वर पारा चढू दिला नाही. असे तीन दिवस. ह्या तीन दिवसांत दिव्याजवळ बसून राहण्यावाचून दुसरे काम नव्हते, म्हणून मी 'मानसोल्लास' काढला.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा हा ग्रंथ, सुमारे ११२९ सालचा. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सोलापूर-लातूरच्या सीमेपलीकडे बीदर जिल्ह्यात. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ह्या उल्लेखासाठी मराठीच्या अभ्यासकांस तो ठाऊक असतो. मास्तर त्याचे नाव दुसऱ्याच कारणासाठी घेत, आणि ते कारण त्यांस मीच एकदा शिक्षकांच्या खोलीत सांगितले होते. राजाच्या करमणुकींच्या विभागात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. मासे किती जातींचे, कोणता कोठे राहतो, कोणास कोणते खाद्य घालून माणसाळवावे, आणि मग गळाने कसा धरावा, हे सर्व त्यात राजा मन लावून सांगतो. गळास संस्कृतात बडिश म्हणतात, हेही मास्तरांनी त्या दिवशी वहीत टिपून घेतले होते. छत्रचामराखाली बसणाऱ्या राजास जे लिहिण्याजोगे वाटले, ते आमच्या बैठकीच्या खोलीत चार दिवस राहण्यास हरकत नसावी, असे मी सौ.स सांगितले. ती म्हणाली, "राजाच्या घरी चटई दुसऱ्या खोलीत घालता येत असेल."

तीन दिवसांनी एक कडी बरीच सावरली. बोट टेकले तर किंचित धरी, पण तार निघेना. अशा किंचित चिकटपणावर बरोबर मापलेले पातळ पुट चढविले तर ते टिकते. ती बाजूस ठेवली. उरलेल्या दोन सुधारण्यापलीकडे गेल्या होत्या. त्यांवरील राळ काढणे भाग होते, आणि तेही खालचा दोरा न दुखविता. सूनबाईचे केस वाळविण्याचे यंत्र घेऊन राळ ऊन करावयाची, ती मऊ झाली की बांबूच्या चपट्या काडीने, दोऱ्याच्या दिशेने, तिळातिळाने खरवडावयाची. आडवे खरवडले तर वेढे सरकतात. शेवटी स्पिरिटाने ओलसर केलेले, भिजवलेले नव्हे, फडके. नुसत्या नायलॉनच्या दोऱ्यास हे सोसले नसते. परंतु मास्तरांनी गुंडाळल्यावर दोऱ्यावर रंग टिकविणाऱ्या पातळ द्रव्याचा हात आधीच दिला होता, त्यामुळे वेढे एकमेकांस धरून होते. पहिली कडी दोन संध्याकाळांत मोकळी झाली. दोरा अभंग राहिला.

दुसरीवर मी घाई केली. राळेची एक पट्टी सुटी झालेली दिसली आणि मी ती चिमटीत धरून ओढली. पट्टीबरोबर दोऱ्याचे टोक निघाले, आणि पाहता पाहता मास्तरांचे वीसपंचवीस वेढे सुटून माझ्या मांडीवर पडले. मी दिवा मालवला आणि तसाच बसून राहिलो. सौ. येऊन पाहून गेली, काही बोलली नाही.

ती कडी मला बांधावी लागली. मास्तरांनी उरलेल्या दोऱ्याचे रीळ काठीबरोबर दिले होते. पुस्तकबांधणीत दोऱ्याचे टोक त्याच दोऱ्याच्या वेढ्यांखाली दडपण्याची युक्ती मला येते, तीच येथेही चालते. शेवटच्या सहासात वेढ्यांखाली दोऱ्याचे एक सुटे फासे ठेवावयाचे आणि टोक त्यातून ओढून घ्यावयाचे. जाड ग्रंथाखालून दोरा ओढून घेतला की त्यास एकसारखा ताण मिळतो. त्यासाठी आपट्यांचा कोश कामी आला. चार वेळा उलगडले, पाचव्या वेळी जमले.

आता पुट. श्रावणात धीर झाला नाही. भाद्रपदात पावसाने तीन दिवस उघडीप दिली तेव्हा भर दुपारी आरंभ केला. राळेस एक आणि हार्डनरला एक अशा दोन पिचकाऱ्या घेतल्या, प्रत्येकीत तीन तीन मिलिलिटर. दट्ट्यास रबर असलेल्या पिचकाऱ्या घेऊ नयेत. त्या रबरास लावलेले सिलिकोन मिश्रणात उतरले तर पुट जागोजाग फाकते आणि माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळे पडतात. मेणकागदी पेलाही वर्ज्य. प्लास्टिकचा गुळगुळीत पेला, आणि चपट्या काडीने कडा व तळ खरवडीत चार मिनिटे सावकाश कालविणे. कालविलेली राळ लगेच चपट्या ताटलीत ओतली. पेल्यात साठून राहिली तर ती आपल्याच उष्णतेने तापून लवकर गोठते. पसरली म्हणजे वेळही मिळतो आणि बुडबुडेही वर येऊन फुटतात. हातांत मोजे होते, कारण हार्डनर कातडीस लागून एकदा खाज सुटली की पुढे दर खेपेस सुटते. पुटे पातळ दिली. जे चारदोन बुडबुडे राहिले, त्यांच्याखालून काठी फिरत असता स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर नेली. नीरांजन जवळच होते, पण तेलातुपाची ज्योत काजळी धरते. शिवाय त्यास सौ.ची संमती मिळाली नसती.

रात्री दोन वेळा उठलो. काठीस हात न लावता ताटलीत उरलेल्या राळेस काडी टोचून पाहत होतो. पहाटे काडी आत शिरेना.

गणपतींचे विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी उत्तनला निघालो. सात फुटांची काठी घेऊन साध्या डब्यात शिरणे शक्य नव्हते, म्हणून मीरा रोडहून भाईंदरपर्यंत सामानाच्या डब्यात, कोळणींच्या टोपल्यांमध्ये उभा राहिलो. एकीने माझ्या कपाळावरील गंधाकडे व हातातील काठीकडे आळीपाळीने पाहून विचारले, "बाबा, काय लागलं?" मी म्हटले, अजून काही नाही. भाईंदर पश्चिमेस बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे पडत होती आणि मी मनात वाक्य जुळवीत होतो. सात कड्यांपैकी एक मी घालविली, हे मास्तरांस कोणत्या शब्दांत सांगावे? न सांगितले तरी कोणास कळणार होते? रंग तोच, जाडी तीच, वर काच.

मास्तर ओट्यावर बसले होते. नात आतून धावत आली, पण त्यांनी हाताने तिला थांबविले आणि काठी स्वतः मांडीवर घेतली. उजवा हात थरथरत होता. डाव्याने ते काठी फिरवीत, उन्हाकडे धरीत, एकेक कडी पाहत चालले. नक्षीवर पुष्कळ वेळ थांबले. मी तोंड उघडणार, इतक्यात ते पाचव्या कडीवर आले आणि त्यांचे बोट तेथेच राहिले.

"ही माझी नव्हे."

"नव्हे," मी म्हणालो, आणि वजनकाट्यापासून मांडीवर पडलेल्या दोऱ्यापर्यंत सर्व सांगितले. ते मधेच एकदा हसले, ते वजनकाट्याशी.

"तुम्ही कडीकडून काठीवर उतरलात, गुरुजी. आम्ही काठीवरून कडीवर चढतो. म्हणून कळलं." त्यांनी कडीस अंगठ्याने बाजूने दाब देऊन पाहिला, दोनदा. "ताण बरोबर आहे. राहू द्या तशीच."

मग त्यांनी काठी नातीच्या हाती दिली. ती तेथेच रीळ चढवू लागली. भरती संध्याकाळी पाचाला होती. मास्तर माझ्याकडे वळले.

"हार्डनर किती उरलाय?"

"अर्धी बाटली."

"झाकण घट्ट लावून ठेवलंत ना? खाटेखाली अजून दोन कोऱ्या काठ्या आहेत. दोरा तुम्ही धरा, चढायचं कुठून ते मी सांगतो."